फ्रा सेलेस्तिनोच्या रेघा

८ नोव्हेंबर १९५५, मंगळवार

कपड्यांचा टब गेला! आता आठवडाभर त्यात पुस्तक भिजणार. चादरी शेजारच्या आर्जियाच्या टबात धुवाव्या लागतील, म्हणजे साबण आपला आणि वर तिचं ऐकून घ्यायचं.

ओरेस्ते संध्याकाळी आला तो चिंब भिजून. कोटाच्या आत, पोटाशी पुस्तक धरलेलं. पुस्तक मात्र कोरडं ठणठणीत. पोरेत्ताच्या वर डोंगरात कुणा नोटरीच्या माळ्यावर मिळालं म्हणे. छाती भात्यासारखी वाजत होती. मी म्हटलं, "डॉक्टरांनी चढू नको म्हटलंय ना?" तर म्हणतो, "चढलो कुठे? बसने गेलो. उतरताना चाललो. उतरायला बंदी केलेली नाही."

अशा नवऱ्याला काय बोलायचं!

१६१५ साली इथे बोलोन्यातच छापलेलं. फ्रा सेलेस्तिनो नावाच्या मठातल्या ब्रदरने लिहिलेलं. पृथ्वी फिरते, म्हणून समुद्राला भरती-ओहोटी येते, असं काहीसं. वर्तुळांच्या आकृत्या मोठ्या सुरेख. पण पानोपानी छापलेल्या ओळींवर शाईच्या आडव्या रेघा. त्या काळी चर्चचा हुकूम होता — पृथ्वी फिरते असं जिथे ठासून म्हटलंय तिथे खोडा. ज्याच्याकडे पुस्तक त्याने खोडायचं. ह्याच्यावरही कुणीतरी खोडलंय.

"झुरिकच्या नेगेलीला हे पुस्तक हवंय," ओरेस्ते म्हणाला. "पण डाग नको, रेघ नको. त्याला पुस्तक नकोय इओले, नवरी हवी आहे."

हसता हसता त्याने हात टेबलावर टेकवला. टेबलावरचा चमचा वाजायला लागला, इतका हात थरथरत होता. हल्ली कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतो. म्हणून टब माझा आणि हातही माझे.

९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या मिस्सानंतर फादर गाउदेन्झोंना गाठलं. चर्चच्या हुकमाने पडलेली शाई धुणं हे पाप आहे का, विचारलं.

"इओले, त्या पुस्तकांवरची बंदी तुझ्या आजीच्या काळातच उठली."

"बंदी उठली फादर, शाई उठली नाही ना!"

खो खो हसले. मग म्हणाले, "धुतलंय हे लपवणार आहात का?"

लपवणं आणि ओरेस्ते! ह्या जुन्या पुस्तकांच्या धंद्यात लोक एका फाटक्या प्रतीची पानं दुसरीत घालतात, नाहीसं झालेलं पान हुबेहूब हाताने काढून चिकटवतात, आणि वर तोंड शिवून बसतात. ओरेस्ते प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहितो — पानं तपासली, अमुक पान दुसऱ्या प्रतीतलं, अमुक भोक बुजवलेलं, धुतलेलं. पेन्सिलीनेच, कारण शाईने पुस्तकावर लिहायचा हक्क आपला नाही, असं त्याचं म्हणणं. फेर्रारापासून तुरीनपर्यंत त्या पेन्सिलीवर लोक डोळे मिटून पैसे मोजतात. मोदेनाचा झानिकेल्ली त्याला चिडवतो, "ओरेस्ते, तू पापांच्या कबुलीला जातोस ती तुझ्या पुस्तकांची. स्वतःची कधी देणार?"

फादर म्हणाले, "मग धू खुशाल."

१२ नोव्हेंबर, शनिवार

कंबर मोडली.

आधी शिवण उसवली, पानं सुटी केली. मग जाळीच्या चौकटीत घालून कोमट पाण्यात. मग ते आम्ल, बेताचं, बाटलीवरच्या खुणेइतकंच. छापायची शाई काजळी-तेलाची असते, तिला काही होत नाही. हाताने लिहायची शाई लोखंडाची, ती आम्लात विरते. आधी कडा तांबूस होतात, मग रेघ सैल पडते, मग पाण्यात एक धुरकट सुतळी तरंगते आणि गेलीच. खालची ओळ जशीच्या तशी वर येते. इतकी वर्षं दाबून ठेवलेली! मला लॅटिन कळतं ते प्रार्थनेपुरतं. तरी कसंसंच झालं. पाण्यावर क्रूसाची खूण केली आणि पुढचं पान घेतलं.

ओरेस्तेला वासाने खोकला येतो म्हणून दाराबाहेर खुर्ची टाकून बसवला. तिथून सूचना चालू! "हलवू नकोस. जास्त वेळ नको. आता स्वच्छ पाणी." मी म्हटलं, "तू रविवारचं सूप ढवळायला आलास तर मी सांगते का मध्ये मध्ये?"

"सांगतेस," म्हणाला.

स्वयंपाकघरभर दोऱ्यांवर पानं वाळताहेत. खालून वाकून चालावं लागतं. सुंदर दिसतंय, खोटं का बोला.

२१ नोव्हेंबर

पानांना सरस दिला, दाबाखाली ठेवली. ओरेस्तेने पुन्हा शिवायला घेतलं. सुई मी ओवून द्यायची. जुनाच पुठ्ठा, पाठीवर पांढरा रंग आणि त्यावर लाल क्रूस. नेगेलीला पत्र गेलं. वसंतात येतो म्हणाला.

ओरेस्ते पुस्तकाकडे बघत बसतो. "माझ्या हातून गेलेलं सगळ्यात देखणं पुस्तक हेच," म्हणतो. हातून गेलेलं म्हणतो. मला ते आवडत नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार. सांता लुचियाचा सण

देवा, कुणाला सांगू!

दुपारी प्रोफेसर फान्तुत्सी आले. विद्यापीठात गणित शिकवायचे, आता निवृत्त. वीस वर्षांचे गिऱ्हाईक. घेतात कमी, बसतात फार. ओरेस्ते झोपला होता, म्हणून स्वयंपाकघरातच बसवलं. माणूस आनंदाने नुसता उतू जात होता.

"सिन्योरा इओले, रोमला जुने कागद चाळत होतो. तिथे एका फ्रा सेलेस्तिनोच्या शिक्षेची हकीकत मिळाली! पृथ्वी फिरते म्हणणारा आपल्याच भागातला ब्रदर. त्याला काय शिक्षा दिली ठाऊक आहे? स्वतःच्या पुस्तकातल्या ओळी स्वतः खोडायच्या. मठाच्या जेवणघरात, गुडघ्यावर बसून, सगळ्या ब्रदरांसमोर. ती एक प्रत मठात ठेवून दिली, बाकीच्यांना धडा म्हणून. लेखकाने स्वतःच्या हाताने स्वतःला खोडलेलं! जगात दुसरं असं नसेल!"

मी विचारलं, मठ कुठला.

"पोरेत्ताच्या वर. नेपोलियनच्या वेळी मोडला. पुस्तकं गावात पांगली. पण ओळखू येतील हो — त्या मठाची पुस्तकं पाठीला पांढरी रंगवलेली असत, त्यावर लाल क्रूस. ओरेस्तेला सांगा, डोळे उघडे ठेव म्हणावं."

पुस्तक शेजारच्या खोलीत होतं. मधे एक भिंत.

मी त्यांना भाजलेली चेस्टनट दिली. हात भाजला तेव्हा कळलं की कढईच उचलली होती.

१४ डिसेंबर

ओरेस्तेला सांगितलं नाही.

१७ डिसेंबर, शनिवार

कबुलीत फादरना सांगितलं. एका माणसाचं प्रायश्चित्त मी टबात धुऊन टाकलं. लादीवर ओतलं. मोरीतून गेलं.

"तुला ठाऊक नव्हतं. न जाणता केलेलं पाप नव्हे."

"आता जाणते ना फादर."

फादर म्हणाले, "ओरेस्तेची तब्येत बघ. प्रत्येक खरी गोष्ट लगेच बोलायची असते असं नाही."

फादर सुटले. मी नाही सुटले.

२६ डिसेंबर, सोमवार

नाताळ झाला. सारण भरलेल्या तोर्तेल्लीनी नेहमीच्या निम्म्याच केल्या, तरी उरल्या. ओरेस्तेने सहा खाल्ल्या. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय. म्हणजे काय? बैल दमला तर सोडतात, हृदय दमलं तर काय करायचं?

तो खुर्चीत बसून पुस्तक उघडतो, स्वच्छ पानांवर तळहात फिरवतो. मी पाठ करून भांडी घासते.

६ जानेवारी १९५६, शुक्रवार

झालं.

प्रोफेसर आले आणि मी थांबवायच्या आत खाटेशी बसून सगळं सांगून मोकळे. गुडघे, जेवणघर, पांढरी पाठ, लाल क्रूस. ओरेस्ते ऐकत होता. चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला. प्रोफेसरना वाटलं आजाराने. "दमलात तुम्ही, येतो मी," म्हणून गेले.

दार लागलं. ओरेस्ते म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"सांता लुचियापासून."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं होतं. माझा हात धरला, म्हणाला, "म्हणजे नाताळभर तू एकटीच होतीस."

मग मी रडले. खूप.

१० जानेवारी

नेगेलीला पत्र लिहायला सांगितलं. मीच लिहिलं, त्याने सही केली — पुस्तक विकायचं नाही. कारण दिलं नाही.

"आणि प्रोफेसरना?" मी विचारलं.

"सांगतो. उद्या."

११ जानेवारी

सांगितलं नाही.

२० जानेवारी

आजही नाही. प्रोफेसर येऊन गेले, हवेवर बोलले. ओरेस्ते भिंतीकडे तोंड करून पडला होता. ह्या माणसाने जन्मात गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली नव्हती.

४ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस बर्फ! असा बर्फ मी बघितलेला नाही. कमानींच्या खाली वाट आहे, रस्त्यात कमरेएवढा. नळ गोठला. बर्फ वितळवून पाणी करते आहे. कोळसा जपून.

सकाळी ओरेस्ते म्हणाला, "खाली दुकानात मायफळाची बरणी आहे, हिराकस आहे, डिंक आहे. शाई कर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोक्यात तिडीक गेली.

"कशाला?"

"रेघा कुठे होत्या ते दिसतं अजून. खिडकीशी धरलं की पुसट पिवळं दिसतं. परत मारतो."

"ओरेस्ते बाल्बोनी, तू? खोट्या रेघा?"

"खोट्या कशा? मागे लिहीन ना. नव्या आहेत, माझ्या आहेत."

"लिहिणारच असशील तर मारायच्या कशाला? कुणासाठी?"

उशीला टेकून श्वास गोळा केला. मग म्हणाला, "तो माणूस गुडघ्यावर बसला होता, इओले. आपण त्याला मोरीत सोडला. कुठे बसला होता एवढी तरी खूण राहू दे."

"प्रायश्चित्त ज्याचं त्यानेच करायचं असतं. दुसऱ्याने करून चालत नाही."

"मग हे माझं समज."

खाली जाऊन बरणी आणली. शाई केली. पास्त्याचं जुनं पातेलं गेलं कामातून. आधी फिकट करडी दिसते, वाऱ्यावर काळी पडते.

५ फेब्रुवारी, रविवार

बर्फामुळे मिस्साला जाता आलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. घरीच जपमाळ ओढली. ओरेस्ते तिकडे टेबलाशी. पाठीला उशा, खांद्यावर माझी शाल. मी म्हटलं, "मी मारते रेघा, माझा हात तरी सरळ आहे." तर म्हणाला, "नाही. धुताना तुझे हात वापरले, तेवढं पुरे झालं."

दोन पानं झाली. रेघ म्हणावी का तिला? करवतीच्या दात्यासारखी. मधेच थांबते, शाईचा थेंब पडतो, पुन्हा चालू लागते.

८ फेब्रुवारी

रोज थोडं थोडं. मग निजतो. ओठ निळे दिसतात. मी उघडं पुस्तक शेगडीजवळ धरून पान सुकवते, शाई तांबूस काळी होते.

आज म्हणाला, "ओळ खोडायची तर आधी ती वाचावी लागते. शब्द न् शब्द. ज्याने ही शिक्षा काढली त्याला हे कळलं नसेल. किंवा कळलं असेल."

११ फेब्रुवारी, शनिवार

संपलं. मग पेन्सिल मागितली. मी टोक करून दिलं. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत तीन ओळी लिहिल्या, एकेका ओळीनंतर डोळे मिटून बसत. मला वाचून दाखवलं —

पानं तपासली, पूर्ण.
धुतलेलं.
रेघा नव्या, माझ्या हाताच्या. ओ. बा.

"बर्फ उतरला की प्रोफेसरना बोलाव. मी सांगेन. माझ्याच्याने नाही झालं तर हे दाखव." मग माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणी मोदेनाचा व्यापारी आहे. "हे न दाखवता पुस्तक दाराबाहेर गेलं तर मी चोर, इओले. चाळीस वर्षांचा चोर."

"बरं," मी म्हटलं. "सूप पी."

१३ फेब्रुवारी

डॉक्टर चालत आले, बर्फातून. सुई दिली. पैसे घेतले नाहीत. त्यावरून काय ते समजले.

१५ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

ओरेस्ते गेला. सकाळी, मी शेगडी पेटवत असताना. हाक मारली नाही.

फादर शेवटचं तेल लावायला आले, त्यांच्या बोटांना अजून सकाळच्या मिस्सातली राख होती. जाताना माझ्या कपाळाला लावली.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पुरलं. जमीन दगड झाली होती, खणणाऱ्यांना दोन दिवस लागले.

दुकानवाले सगळे आले. फेर्राराहून, पार्माहून, गाड्या उशिरा, तरी आले. झानिकेल्ली ढसाढसा रडला. मला म्हणाला, "वहिनी, त्याला मी फार छळलं हो. पण आता पेन्सिल कुणाची वाचायची आम्ही?"

आर्जियाने चादरी नेल्या, धुऊन इस्त्री करून आणल्या. साबण तिचाच. एक शब्द बोलली नाही.

२५ फेब्रुवारी

दुकानाची चावी खिशात घेऊन हिंडते. आत जात नाही.

प्रोफेसरना निरोप धाडायचाय. काय बोलायचं ते पाठ करते आहे. प्रोफेसर, ते पुस्तक आमच्याकडे होतं. आम्ही धुतलं. रेघा ओरेस्तेच्या आहेत. तीन वाक्यं. तिसऱ्याशी आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

२ मार्च, शुक्रवार

प्रोफेसर आले. पुस्तक मी टेबलावर ठेवून तयार होते. म्हटलं, नुसतं पुढे करावं आणि शेवटचा पुठ्ठा उघडून द्यावा, बोलायलाच नको.

पण त्यांनी पाठ बघितली. पांढरी, लाल क्रूस. पुढचं मला काही बोलूच दिलं नाही.

टोपी काढली. उभ्यानेच उघडलं. एक पान, दोन पानं. मग खाली बसले. चष्मा पुसला, परत बघितलं. मला वाटलं, आता कळलं. ह्यांना कळणार नाही तर कुणाला! पण हा आकड्यांचा माणूस, कागदाचा नव्हे. आणि किती वर्षांची भूक.

"सिन्योरा," म्हणाले, "हा हात बघा. बघा हो! कसा थरथरतोय. इथे थांबलाय, थेंब पडलाय. मग पुन्हा निघालाय. ह्याला मारून मुटकून बसवलेलं नाही. हा माणूस आपल्या ओळीला निरोप देतोय." आणि त्या रेघेवर बोट न टेकवता, वरून वरून फिरवत राहिले. डोळ्यांतून धारा. "ओरेस्तेने हे शोधलं आणि मला दाखवायच्या आधीच गेला."

"प्रोफेसर —"

"काय?"

"कॉफी ठेवू?"

सोमवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची माणसं घेऊन येतो म्हणाले. मोठ्या दालनात काचेखाली ठेवतील, हीच पानं उघडून. पोरं येतील, परदेशचे लोक येतील. कुणीही त्या हातासमोर उभं राहील आणि गप्प होईल, म्हणाले.

शेवटचा पुठ्ठा त्यांनी उघडलाच नाही.

३ मार्च, शनिवार

कबुलीच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तशी मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मागचीला. मग घरी आले.

खरं सांगितलं तर प्रोफेसर ते पुस्तक बंद करतील. हळूच करतील, भला माणूस आहे. पण बंद करतील, आणि पुन्हा त्या रेघांकडे कुणी तसं बघणार नाही. म्हणतील, म्हाताऱ्या दुकानदाराची करामत. झानिकेल्लीसुद्धा.

आणि न सांगितलं तर चोर. त्याचाच शब्द.

४ मार्च, रविवार

मिस्साला गेले. कबुली दिली नव्हती, म्हणून प्रसाद घ्यायला उठले नाही, बाकावरच बसून राहिले.

घरी येऊन पुठ्ठा उघडला. कालच्या पावाचा गर चिमटीत मळून गोळी केली. पेन्सिल लगेच निघते. खालून दोन ओळी पुसल्या. वरची ठेवली — पानं तपासली, पूर्ण.